पाकातलं लिंबू आणि साखर फुटण्याचा वेग

गुलाबजामचा पाक गॅसवरून उतरवायच्या आधी आई त्यात अर्धं लिंबू पिळायची. का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "नाहीतर पाकाची परत साखर होते." बिनलिंबवाचा पाक गार झाला की कडेने खडे धरायला लागतात. लिंबू पिळलेला पाक दोन दिवसांनीही पातळच राहतो.

लिंबवाचं आम्ल पाकातली थोडी साखर फोडतं. आपण खातो त्या साखरेचा, म्हणजे सुक्रोजचा, एक रेणू दोन तुकडे जोडून बनलेला असतो. एक ग्लुकोजचा, दुसरा फ्रुक्टोजचा. मधला सांधा सुटला की दोघं वेगळे होतात. आता पाकात तीन प्रकारचे रेणू झाले आणि एकाच प्रकारच्या रेणूंना ओळीने लागून स्फटिक धरणं अवघड झालं. आईचं उत्तर रसायनशास्त्राला धरूनच होतं.

पुस्तकात ही अभिक्रिया एका ओळीत संपते: साखर आणि पाणी मिळून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. ओळ खरी आहे, पण तिच्यात लिंबू नाही, आच नाही आणि वेळही नाही. साखरेचं साधं पाणी जंतूंचा शिरकाव न होऊ देता खोलीच्या तापमानाला ठेवलं, तर त्यातली अर्धी साखर फुटायला काही शतकं लागतील. उकळत्या पाकात लिंबू पडलं की थोडी साखर काही मिनिटांतच फुटते. दोन्ही ठिकाणी समीकरण तेच. समीकरण फक्त कोण आत गेलं आणि कोण बाहेर आलं एवढंच सांगतं. आत काय घडलं आणि त्याला इतका कमीजास्त वेळ का लागला, हे कळायला वेग मोजावा लागतो.

वेगाच्या अभ्यासासाठी मी मुद्दाम साखरच निवडली आहे. रासायनिक वेगाचं शास्त्र ज्या कामांवर उभं राहिलं, त्यातली तीन मोठी कामं उसाच्या साखरेवरच झाली आहेत: १८५०, १८८९ आणि १९१३ साली. ऊस पिकवणाऱ्या मुलखात राहणाऱ्या माणसाला हे वाचून जो आनंद होतो, तो मला अजूनही होतो.

अडचण पहिल्यापासून एकच होती, वेग मोजायचा कसा? भांड्यातलं थोडं द्रावण काढून तपासायला घ्यावं, तर तपासणी होईपर्यंत अभिक्रिया पुढे सरकलेली असते. साखरेने मात्र एक सोय करून ठेवली आहे. प्रकाशाच्या लहरी अनेक दिशांनी कंप पावत असतात. त्या गाळून एकाच पातळीत कंप पावणाऱ्या लहरी घेतल्या आणि साखरेच्या द्रावणातून सोडल्या, तर ती पातळी उजवीकडे वळते. साखर जितकी जास्त, तितकं वळण जास्त. ग्लुकोजही उजवीकडेच वळवतं, पण फ्रुक्टोज डावीकडे, आणि तेही जास्त जोराने. म्हणून साखर फुटत जाते तसा हे वळण मोजणाऱ्या उपकरणाचा, पोलरिमीटरचा, काटा उजवीकडून शून्याकडे येतो, शून्य ओलांडतो आणि डावीकडे जातो. सुरुवातीला तो उजवीकडे २० अंशांवर असेल, तर शेवटी डावीकडे ६ अंशांच्या आसपास येऊन थांबतो. दिशा अशी उलटते म्हणून या अभिक्रियेला इन्व्हर्शन म्हणतात. साखर कारखान्यातले केमिस्ट "साखर इन्व्हर्ट झाली" म्हणतात, ते यावरूनच. त्यांच्या प्रयोगशाळेत रोज मोजला जाणारा, साखर किती आहे ते सांगणारा 'पोल' हा आकडासुद्धा याच उपकरणावर काढतात.

१८५० साली जर्मनीतल्या हायडलबर्गच्या लुडविग विल्हेल्मीने हा काटा घड्याळ लावून वाचला. द्रावणाला हात लावायचा नाही, ओतायचं नाही, गाळायचं नाही. फक्त प्रकाश सोडायचा आणि वेळेसमोर अंश लिहायचे. त्यातून त्याला दिसलं ते असं: एखाद्या क्षणी साखर किती वेगाने फुटेल, हे त्या क्षणी किती साखर उरली आहे यावर ठरतं. समजा, पहिल्या दोन तासांत १०० ग्रॅमचे ५० ग्रॅम उरले. मग पुढच्या दोन तासांत राहिलेले ५० संपत नाहीत, २५ उरतात. त्यापुढच्या दोन तासांत साडेबारा. दर वेळी उरलेल्यातला अर्धा भाग जातो. विल्हेल्मीने हे गणिताच्या सूत्रात बसवलं. रासायनिक अभिक्रियेचा वेग सूत्रात मांडण्याचं हे पहिलं काम मानलं जातं, तरी पुढची कित्येक वर्षं त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

अभिक्रियेत भाग घेणारा पदार्थ जितका दाट, तितका वेग जास्त, हा नियम शाळेत एका वाक्यात शिकवतात. त्या वाक्याच्या आत दोन गोष्टी दडलेल्या आहेत आणि मला त्या फार महत्त्वाच्या वाटतात. पहिली गोष्ट पाण्याची. पाणी या अभिक्रियेत खर्च होतं, पण वेगाच्या हिशेबात दिसत नाही. कारण एका लिटर पाण्यात पाण्याचेच ५५ मोल असतात (मोल म्हणजे रेणूंची संख्या मोजायचं माप). साखर त्यातला इतका थोडा भाग वापरते की पाण्याचं प्रमाण बदलल्याचं जाणवतच नाही. दुसरी गोष्ट आम्लाची, आणि ती बरोबर उलटी. आम्ल खर्च होत नाही. सुरुवातीला जितकं होतं तितकंच शेवटी उरतं. तरीही आम्लातून सुटणारे हायड्रोजन आयन दुप्पट केले की वेग साधारण दुप्पट होतो. जे समीकरणात आहे ते वेगात दिसत नाही, आणि जे वेगात दिसतं ते समीकरणात नाही.

आम्लाची ही भूमिका म्हणजे उत्प्रेरकाची भूमिका. रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ऑस्टवाल्डने तिचा उलटा उपयोग करून घेतला. वेगवेगळी आम्लं साखर किती वेगाने फोडतात हे मोजून त्याने कोणतं आम्ल किती तीव्र ते ठरवलं. हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात पूर्ण सुटतं. लिंबवातलं सायट्रिक आम्ल आपले हायड्रोजन आयन हात राखून सोडतं. थंड सरबतात साखर लगेच फुटत नाही त्याचं हे एक कारण. पाकात ती फुटते, कारण तिथे आच असते.

आच इतका फरक का पाडते? स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियसने १८८९ साली हाच प्रश्न घेतला. त्याचा तो प्रसिद्ध लेख आम्लाने उसाची साखर फुटण्याच्या वेगावरचाच आहे. २५ अंश सेल्सिअसचं द्रावण ३५ अंशांवर नेलं की साखर फुटण्याचा वेग सुमारे चौपट होतो. आता रेणूंकडे बघा. त्यांची सरासरी ऊर्जा निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढते, आणि निरपेक्ष तापमान (सेल्सिअसच्या अंशांत २७३ मिळवून येतं ते) २९८ वरून ३०८ वर गेलं आहे. म्हणजे वाढ जेमतेम साडेतीन टक्क्यांची. रेणूंचा धावण्याचा वेग तर दोन टक्केही वाढलेला नाही. मग चौपट कुठून आलं?

सगळे रेणू सारखे नसतात, हे अऱ्हेनियसचं उत्तर. बहुतेक रेणूंकडे फुटण्याइतकी ऊर्जा नसतेच. एका ठरावीक उंबरठ्याच्या वर ऊर्जा असलेले मोजके रेणूच फुटू शकतात. अऱ्हेनियस त्यांना 'सक्रिय साखर' म्हणाला. त्या उंबरठ्याला आज सक्रियण ऊर्जा म्हणतात. आम्लाने साखर फुटताना ती मोलमागे सुमारे १०८ किलोज्यूल असते. २५ अंशांवर इतकी ऊर्जा असण्याची शक्यता एकावर एकोणीस शून्यांत एक, अशा दर्जाची असते. रेणूंच्या टकरा सेकंदाला अब्जावधी होतात म्हणून एवढ्या क्षुल्लक शक्यतेवरही काम चालतं. तापमान थोडं वाढलं की सरासरी जेमतेम हलते, पण उंबरठ्यापलीकडची ती मूठभर संख्या कैक पटींनी वाढते. वर्गाच्या सरासरी गुणांत दोनाची भर पडली, तरी नव्वदच्या वर गेलेल्या मुलांची संख्या दुप्पट होऊ शकते, तसंच काहीसं.

अऱ्हेनियसच्या सूत्रात पाकाचं तापमान घातलं तर २५ अंशांपेक्षा १०५ अंशांवर वेग सुमारे दहा हजार पट येतो. सरबत आणि पाक यांच्यातलं अंतर ते हे.

आता आत शिरू. हायड्रोजन आयन आल्यावर साखरेच्या रेणूत नेमकं काय घडतं? ही क्रमवार हकिकत म्हणजे अभिक्रियेची यंत्रणा. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांच्या मधोमध पुलासारखा एक ऑक्सिजन अणू आहे. पहिल्या पायरीत हायड्रोजन आयन, म्हणजे नुसता प्रोटॉन, त्या ऑक्सिजनला चिकटतो. हे झटकन होतं आणि झटकन उलटतंही. प्रोटॉन बसतो, उठतो, पुन्हा बसतो. दुसऱ्या पायरीत, प्रोटॉन बसलेला असताना, ऑक्सिजन आणि फ्रुक्टोजचा कार्बन यांच्यातला बंध तुटतो. ग्लुकोज आपला ऑक्सिजन घेऊन निघून जातं आणि मागे फ्रुक्टोजचा धनभार असलेला, अस्वस्थ तुकडा उरतो. तिसऱ्या पायरीत पाण्याचा रेणू त्या तुकड्याला धरतो, फ्रुक्टोज पूर्ण होतं आणि एक प्रोटॉन मोकळा होतो, पुढच्या साखरेकडे जायला. आम्ल खर्च का होत नाही, त्याचा उलगडा या शेवटच्या पायरीत आहे.

तीनपैकी मंद पायरी दुसरी, बंध तुटण्याची. सगळ्या अभिक्रियेचा वेग तीच ठरवते. आधीची पायरी कितीही वेगात झाली तरी इथे येऊन थांबावंच लागतं, आणि पुढची कितीही चपळ असली तरी इथून सुटेल तेवढंच तिच्या हाती लागतं.

पण हे पाहिलं कुणी? प्रत्यक्ष कुणीच नाही. वेगावरूनच ते ओळखलं आहे. एक पुरावा मला फार आवडतो. साध्या पाण्याऐवजी जड पाणी घेतलं, ज्यात हायड्रोजनच्या जागी त्याचा दुप्पट जड भाऊ ड्यूटेरियम असतो, तर काय होईल? प्रोटॉन चिकटणं हीच मंद पायरी असती, तर जड अणू सावकाश हलला असता आणि अभिक्रिया रेंगाळली असती. प्रत्यक्षात जड पाण्यात साखर जवळपास दुप्पट वेगाने फुटते. याचा अर्थ, प्रोटॉनची ये-जा आधीच उरकलेली आहे आणि खोळंबा पुढे आहे. जड पाण्यात प्रोटॉनची ही जड आवृत्ती साखरेवर जास्त प्रमाणात बसून राहते, म्हणून मंद पायरीपाशी तयार असलेले रेणू जास्त असतात.

उत्प्रेरक काय करतो, हे समजायला पुण्याहून साताऱ्याला जाताना लागणारा खंबाटकीचा डोंगर डोळ्यांसमोर आणावा. घाट चढून उतरावं लागतं तेव्हा वेळ जातो. बोगदा झाला म्हणून डोंगराची उंची कमी झाली नाही, आणि अलीकडचं-पलीकडचं गावही वरखाली सरकलं नाही. फक्त दुसरी वाट झाली. प्रोटॉनशिवायची साखर मूळ घाट चढते. प्रोटॉन बसला की जाणारं ग्लुकोज भार सोडून सहज सुटतं, म्हणून चढ कमी लागतो. शेवटी किती साखर फुटणार, हे मात्र उत्प्रेरक ठरवत नाही. ते दोन्ही गावांच्या उंचीवर ठरतं. तो फक्त तिथे लवकर पोहोचवतो.

निसर्गाने याहून कितीतरी चांगला बोगदा खणून ठेवला आहे. यीस्टमध्ये, खुद्द उसात आणि मधमाशीच्या शरीरात इन्व्हर्टेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. फुलातल्या रसाचा मध होतो तेव्हा मधमाशी तेच काम करते जे लिंबू पाकात करतं, पण उकळी न आणता. यीस्टच्या इन्व्हर्टेजने चढ मोलमागे साधारण ४६ ते ४८ किलोज्यूलवर येतो. यंत्रणेकडे पाहिलं की कारण कळतं. विकराच्या खाचेत साखर बसली की एक आम्लगट बरोबर त्या पुलाच्या ऑक्सिजनला प्रोटॉन द्यायला उभा असतो, आणि समोरून दुसरा गट फ्रुक्टोजच्या कार्बनला धरतो. आम्लाच्या द्रावणात तो अस्वस्थ तुकडा एकटा पडत होता. इथे त्याला पडण्याआधीच आधार मिळतो.

विकराच्या वेगाचं गणित लिओनोर मिकाएलिस आणि कॅनडाहून बर्लिनला आलेल्या डॉक्टर मॉड मेंटेन यांनी १९१३ साली मांडलं, तेही इन्व्हर्टेज आणि उसाच्या साखरेवर. त्याआधी पॅरिसमध्ये व्हिक्टर हेन्रीने कल्पना मांडली होती, पण मोजमापं पक्की नव्हती. मिकाएलिस आणि मेंटेन यांनी द्रावणाची आम्लता प्रयोगभर स्थिर ठेवली. आणखी एक सूक्ष्म चूक त्यांनी टाळली. नुकतंच सुटलेलं ग्लुकोज प्रकाशाला आपलं कायमचं वळण द्यायला थोडा वेळ घेतं, तोपर्यंत पोलरिमीटरचा काटा खोटं सांगतो. म्हणून त्यांनी नमुन्यात अल्कली घालून विकर थांबवलं, ग्लुकोज स्थिरावू दिलं आणि मगच काटा वाचला. अशी काळजी घेणाऱ्या माणसांचं काम शंभर वर्षांनंतरही टिकून आहे, याचं मला नवल वाटत नाही.

त्यांना दिसलं ते विल्हेल्मीपेक्षा निराळं होतं. साखर थोडी असेपर्यंत ती वाढवली की वेग वाढतो. पुढे वाढ मंदावते आणि एका मर्यादेनंतर साखर कितीही घाला, वेग हलत नाही. हंगामात साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उभं राहिलं की हे दिसतं. दहा गाड्या आल्या तर दहा लगेच वजन होऊन आत जातात. रस्त्यावर दोनशे ट्रॉल्यांची रांग लागली, तरी तासाला काटा करेल तेवढ्याच आत जाणार. विकराचा प्रत्येक रेणू म्हणजे असा एक काटा. सगळे काटे गुंतले की वेग वाढवायला काटेच वाढवावे लागतात.

आचेचा नियमही इथे एका मर्यादेपर्यंतच चालतो. गरम करत गेलं की इन्व्हर्टेज आधी चपळ होतं, पण पुढे त्या नाजूक खाचेची घडीच विस्कटते आणि काम बंद पडतं. आम्लाला असं काही होत नाही.

साखर विरघळलेली असली की रेणू एकमेकांत मिसळलेलेच असतात, म्हणून वर पृष्ठभागाचा विषय आला नाही. घन पदार्थाला तो लागू होतो. एक सेंटीमीटर कडेच्या साखरेच्या खड्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटीमीटर. त्याची सेंटीमीटरच्या हजाराव्या भागाइतकी बारीक धूळ केली तर तोच सहा हजार होतो. खडा काडीने नीट पेटत नाही, धूळ मात्र हवेत उडालेली असताना एका ठिणगीने स्फोटासारखी जळते. २००८ साली अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या पोर्ट वेंटवर्थच्या साखर शुद्धीकरण कारखान्यात अशाच धुळीच्या स्फोटात १४ माणसं गेली. पदार्थ तोच, रोज चहात टाकतो तो.

आता गुऱ्हाळावर जाऊ. चरकातून निघालेला रस मुळात किंचित आंबट असतो, पीएच पाचच्या थोडा वर (पीएच हा आम्लतेचा आकडा, सातच्या जितका खाली तितकं आम्ल जास्त). त्यात उसाचं इन्व्हर्टेज असतं, हवेतले जंतू येऊन मिळतात आणि काहील तापायला लागली की आम्लाचाही वेग वाढतो. साखर फुटण्याची सगळी कारणं एकाच कढईत. गुळव्या त्यात चुन्याची निवळी घालतो. चुना आम्ल मारतो, म्हणजे पहिल्या पायरीचा प्रोटॉनच काढून घेतो. रस तासन्‌तास साचू न देता लवकर चढवतो, म्हणजे विकराला वेळ मिळत नाही, आणि एकदा उकळी आली की विकर कायमचं निकामी होतं. यातली कुठलीही गोष्ट चुकली, तर ग्लुकोज-फ्रुक्टोजचं प्रमाण वाढतं. असा गूळ नीट बसत नाही, ढेप मऊ राहते आणि पावसाळ्यात पाणी सुटतं. पाकात आईला जे हवं असायचं, तेच गुळव्याला नको असतं. म्हणून ती लिंबू घालते, तो चुना.

कारखान्यातही तीच झुंज चालते, मोठ्या प्रमाणावर. रसात चुना घालून पीएच सातच्या आसपास आणतात. पुढे रस आटवायचा म्हणजे तापवायचा, आणि तापवला की साखर फुटणार. म्हणून पॅनमधली, म्हणजे रस आटवायच्या बंद भांड्यातली, हवा काढून घेतात. निर्वातात पाकाला साठ-सत्तर अंशांच्या आसपासच उकळी येते. पाणी जातं, पण सक्रियण ऊर्जेचा उंबरठा ओलांडणारे रेणू फारसे वाढत नाहीत. एकदा साखर फुटली की ती स्फटिक म्हणून परत मिळत नाही, मळीत जाते.

आणि या सगळ्याच्या आधी तोडलेला ऊस असतो. कोयता लागला त्या क्षणापासून कांड्यातलं इन्व्हर्टेज आणि तोडीच्या जागेतून शिरलेले जंतू कामाला लागतात. म्हणून तोडीनंतर २४ तासांच्या आत ऊस गव्हाणीत, म्हणजे कारखान्यात ऊस टाकायच्या जागी, पडावा असा आग्रह असतो. उसाचा एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, साखर उताऱ्याशी, म्हणजे उसातून किती साखर निघते त्याच्याशी, बांधलेला आहे. रणरणत्या दुपारी काट्याबाहेर ट्रॉली उभी असते, तेव्हा वजन तर घटतंच, पण आत विल्हेल्मीने घड्याळ लावून मोजलेली तीच अभिक्रिया चालू असते, आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात डिसेंबरच्या थंडीपेक्षा कितीतरी जास्त वेगाने.